घरासाठी नॅस घ्यायचाय? ब्रँड दहा वर्षांच्या हिशोबानं कसा निवडायचा (खास कोल्हापूरकरांसाठी)

गुगल फोटोजचं फुकट अनलिमिटेड १ जून २०२१ ला बंद झालं, तेव्हापासून ओळखीतलं कोण ना कोण विचारतंच की घरात एक नॅस बसवायचाय, कुठला घेऊ. सोबत तीन-चार मॉडेलच्या लिंका असतात, ह्यात रॅम जास्त आहे, त्याचा प्रोसेसर भारी आहे, तो तिसरा जरा स्वस्तात बसतोय. मी प्रत्येकाला उलटा एकच प्रश्न विचारतो: हा डबा सात वर्षांनी बंद पडला आणि तोवर कंपनीनं त्या मॉडेलकडं बघायचंच सोडून दिलेलं असलं, तर आतले फोटो बाहेर कसे काढणार? ज्या ब्रँडकडं ह्याचं उत्तर सरळ आहे तो घ्यायचा, रॅम-बिम नंतर बघू.

अगदी नवीन असणाऱ्यांसाठी: नॅस म्हणजे राउटरला वायरनं जोडलेला एक छोटा कॉम्प्युटर, आत दोन किंवा चार हार्डडिस्क, चोवीस तास चालू. घरातले सगळे मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही त्यावरचं बघू शकतात आणि त्यावर टाकू शकतात. त्याला स्क्रीन नसते, सगळं ब्राउझरमधून नाहीतर ॲपमधून चालतं. एवढंच आहे ते, घाबरायचं काय कारण नाही.

१. आधी घरात किती डेटा आहे ते मोजा

अंदाजानं बोलू नका, खरंच मोजा. सगळ्यांचे मोबाईल, जुना लॅपटॉप, कपाटातल्या पोर्टेबल डिस्क, लग्नाच्या व्हिडिओचे पेनड्राइव्ह, सगळं एका कागदावर लिहून बेरीज करा. आयफोनवर फोर-के व्हिडिओ ३० फ्रेमनं काढला तर मिनिटाला साधारण १७० एमबी जातात, म्हणजे तासाला १० जीबीच्या आसपास, पोरांचं एक गॅदरिंग पूर्ण शूट केलं की काय होतं ते बघा. बेरजेच्या तिप्पट जागा धरायची, कारण पुढं वाढणारच आहे.

दोन डिस्कचा नॅस घेतला आणि ४-४ टीबीच्या दोन टाकल्या तर वापरायला ८ मिळत नाहीत, ४ मिळतात, कारण दोन्हीवर एकच डेटा लिहिला जातो, एक डिस्क गेली तरी दुसरी चालू राहते. आणि ते ४ सुद्धा स्क्रीनवर ३.६ च्या आसपास दिसतात, दुकानदारानं फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, कंपनी दहाच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत, एवढाच विषय आहे.

साध्या घराला दोन बे (बे म्हणजे एक डिस्क बसायचा खण) पुरतात. घरात कोण फोटोग्राफर, यूट्यूबवाला असेल किंवा आर्किटेक्टचं ऑफिस घरातूनच चालत असेल तर चार बे बघा. एक बेचा नॅस स्वस्त दिसतो पण तो घेऊच नका.

२. ब्रँडची कुंडली काढा, जाहिरात नको

इथं जरा वेळ घालवा, सगळ्यात जास्त इथंच घालवा. चोवीस तास नेटवर्कवर असणाऱ्या डब्याला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येत राहणं हा त्याचा श्वास आहे. ते थांबले की हार्डवेअर कितीही ठणठणीत असू दे, तो उघड्या दारासारखा. आणि हे कधी थांबणार ते तुमच्या हातात नसतं, म्हणून ज्या कंपन्यांनी हात वर केले त्यांची उदाहरणं माहीत पाहिजेत.

वेस्टर्न डिजिटलचा (डब्ल्यूडी) माय बुक लाईव्ह हा नेटवर्कवर चालणारा डबा बघा. २०१० चं प्रॉडक्ट, शेवटचा अपडेट २०१५ ला. लोकांनी ते पुढं तसंच वापरलं, चालतंय की म्हणून. जून २०२१ मध्ये इंटरनेटवरून कुणीतरी त्यातल्या भोकांचा फायदा घेऊन जगभरातल्या कितीतरी लोकांचे डबे फॅक्टरी रिसेट करून टाकले. सकाळी उठून बघतात तर फोल्डर रिकामे. कंपनी खूप मोठी आहे, आजही जोरात आहे, पण त्या मॉडेलला सोडून सहा वर्षं झालेली होती.

डी-लिंकचं एप्रिल २०२४ चं प्रकरण असंच आहे. त्यांच्या जुन्या नॅसमध्ये गंभीर भोक सापडलं, तेव्हा कंपनीनं सांगितलं की ही मॉडेलं आमच्या यादीतून गेलेली आहेत, पॅच येणार नाही, बंद करा आणि बदला.

ड्रोबो नावाचा एक ब्रँड होता, अमेरिकेत घरगुती लोकांचा लय आवडता, वेगवेगळ्या साईजच्या डिस्क कशाही खुपसा, तो आपोआप जुळवून घ्यायचा. पण ते जुळवून घेण्याचं तंत्र त्यांचं स्वतःचं, बाहेर कुणाला ते वाचता येत नव्हतं. जून २०२२ मध्ये त्यांच्या मूळ कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज टाकला, २०२३ मध्ये दुकान कायमचं बंद. आता ज्याच्या घरात डबा जळाला त्याच्या डिस्क चांगल्या असूनही त्या सहज उघडायच्या कशात, हा प्रश्न. नेटगिअरचा रेडीनॅस पण असाच गाजावाजा न करता बंद झाला.

ह्यावरनं ब्रँडला विचारायचे चार प्रश्न निघतात:

- कंपनीच्या साईटवर मॉडेलनिहाय सपोर्ट कधी संपणार त्याचं पान आहे का? सिनॉलॉजी आणि क्यूनॅप दोघांचं असं पान आहे. ज्यांचं नाही त्यांच्याबद्दल सावध.
- डबा मेला तर त्याच ब्रँडच्या नव्या डब्यात जुन्या डिस्क घालून डेटा तसाच मिळतो का?
- ब्रँडच मेला तर साध्या लिनक्स कॉम्प्युटरवर डिस्क वाचता येतात का?
- इंटरनेट बंद असताना, किंवा कंपनीचा सर्व्हर बंद असताना, घरातल्या घरात नॅस चालतो का?

चौथा प्रश्न लोकांना विनोदी वाटतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलवर सायबर हल्ला झाला आणि त्यांच्या घरगुती नॅसची माय क्लाउड ही ऑनलाइन सेवा कितीतरी दिवस बंद होती. ज्यांनी लोकल ॲक्सेस (कंपनीच्या सर्व्हरशिवाय घरातल्या घरात बघायची सोय) आधी चालू करून ठेवला नव्हता त्यांना स्वतःच्याच टेबलावरच्या डब्यातला स्वतःचाच फोटो बघता येईना. लॉगिनसाठी कंपनीच्या खात्यावर अवलंबून असणारं काहीही घेताना हे आठवायचं.

३. आता नावं घेऊन बोलू

सिनॉलॉजी. तैवानची कंपनी, २००० पासून. घरच्यांनी वापरायचं असेल, म्हणजे आई-बाबांच्या मोबाईलमधून फोटो आपोआप जावेत आणि त्यांनी तुम्हाला फोन करून विचारू नये असं पाहिजे असेल, तर मी अजूनही हेच नाव आधी घेतो. कारण त्याची सिस्टिम, डीएसएम, अंगवळणी पडते, आणि डिस्क आतून लिनक्सच्या नेहमीच्या सॉफ्टवेअर रेडवरच (रेड म्हणजे बऱ्याच डिस्क एकत्र चालवायची पद्धत) बांधलेल्या असतात. उबुंटू ह्या लिनक्सवर डिस्क लावून डेटा कसा काढायचा ते कंपनीनं स्वतःच लिहून ठेवलंय, माझ्या प्रश्नाचं उत्तर इथं छापील मिळतं.

पण ह्यांनी पण नाद केलाच. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२५ च्या प्लस मॉडेलांत आमच्याच किंवा आम्ही मान्य केलेल्याच डिस्क चालणार. लोक भडकले, आणि ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ बरोबर सीगेट, डब्ल्यूडी वगैरेंच्या साध्या हार्डडिस्कवरची ती अट काढली. त्याआधी २०२४ मध्ये पिक्चर बघायचं व्हिडिओ स्टेशन हे ॲपच काढून टाकलेलं. म्हणजे ब्रँड चांगला असला तरी विकत घेतलेलं फीचर काढून घेतलं जाऊ शकतं, हे डोक्यात ठेवूनच घ्यायचा. टीव्हीवर पिक्चर बघणं हाच मुख्य उद्देश असेल तर मी सिनॉलॉजी सुचवणार नाही.

मॉडेल नंबर वाचायला शिका, पैसे वाचतात. डीएस २२४ प्लसमध्ये पहिला २ म्हणजे बे (मोठ्या मॉडेलात एक्स्पान्शन धरून जास्तीत जास्त किती ते), शेवटचे २४ म्हणजे साल. शेवटी 'जे' हे इंग्रजी अक्षर असेल तर सगळ्यात स्वस्त, काही नसेल तर मधला, प्लस असेल तर वरचा. दुकानात एखादा डीएस २१८ "स्टॉक क्लिअरन्स"मध्ये अर्ध्या किमतीत दाखवतील, तो २०१८ चा माल आहे. सपोर्टचं घड्याळ मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून चालू होतं, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. दहा वर्षं पाहिजेत तर मॉडेल ताजं पाहिजे, इथं काटकसर करू नका. आणि 'डीएस २२३-जे'वर बीटीआरएफएस ही फाईल सिस्टिम मिळत नाही, त्यामुळं स्नॅपशॉट (त्या-त्या दिवशीच्या डेटाची जशीच्या तशी नोंद) नाहीत. साध्या डीएस २२३ वर मिळते. स्नॅपशॉट का महत्त्वाचे ते खाली येतंय.

क्यूनॅप. ही पण तैवानची, २००४ ची. त्याच पैशात हार्डवेअर जास्त देतात, पोर्ट जास्त, एचडीएमआय पण देतात काही मॉडेलला. पण इतिहास बघा: एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरनं लोकांच्या फाईली सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड घालून बांधून टाकल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितले, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट आलं. दोन्हीत बळी गेले ते बहुतेक नॅस थेट इंटरनेटवर उघडा ठेवणारे. ज्याला सेटिंगमध्ये हात घालायची आवड आहे, अपडेट वेळेवर टाकणार आहे, त्यानं खुशाल घ्यावा. क्यूनॅपच्या डिस्क दुसऱ्या क्यूनॅपमध्ये व्यवस्थित जातात, पण साध्या लिनक्सवर सरळ उघडतील ह्या भरवशावर राहू नका.

असस्टोर. असूसचं पिल्लू, २०११ पासून. हार्डवेअर दणकट, लोक कमी बोलतात ह्याबद्दल. फेब्रुवारी २०२२ मध्ये डेडबोल्टनं ह्यांनाही धरलं. जमेची बाजू म्हणजे इंटेलवाल्या मॉडेलांवर पुढं कंपनीची सिस्टिम नको वाटली तर ट्रूनॅससारखी दुसरी सिस्टिम टाकता येते. माझ्या हिशोबात ह्याला चांगलेच मार्क आहेत, कारण कंपनीनं सोडलं तरी डबा भंगारात जात नाही.

यूग्रीन आणि टेरामास्टर. दोन्ही चिनी. यूग्रीनला आपण चार्जर-केबलवाले म्हणून ओळखतो, २०२४ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवरनं (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायची साईट) नॅस आणला आणि त्या पैशात जे हार्डवेअर दिलंय ते बघून बाकीच्यांची झोप उडाली. सॉफ्टवेअर अजून लहान आहे. ह्यांच्या पण इंटेल मॉडेलांवर दुसरी सिस्टिम टाकता येते. "लाँग टर्म" म्हणून आज छातीठोक सांगावं एवढा इतिहासच नाही अजून, आणि त्यात भारतातली वॉरंटी कोण देणार हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्वतः बांधलेला. जुना पीसी, त्यावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट, दोन्ही फुकट. बाहेर पडायचा रस्ता इथं सगळ्यात मोकळा, ट्रूनॅसची डिस्क झेडएफएस ह्या फाईल सिस्टिमची असते, ती ओपनझेडएफएस हे सॉफ्टवेअर असलेल्या कुठल्याही लिनक्स मशिनवर इम्पोर्ट होते, ब्रँड नावाची भानगडच नाही. पण तुम्ही नोकरीला पुण्यात आणि मशिन राजारामपुरीत, आईचा फोन येतो "फोटो दिसंनात रे", तेव्हा शनिवारची एसटी धरायची तयारी पाहिजे. घरात आयटीवाला कायम राहत असेल तरच.

माझा कौल विचाराल तर: घरच्यांसाठी सिनॉलॉजीचा साधा किंवा प्लस दोन बे, चालू सालाच्या जवळचा. हौशी माणसासाठी असस्टोर. डब्ल्यूडी माय क्लाउडसारखे डिस्कसकट सीलबंद येणारे डबे कुणासाठीच नाहीत.

४. डिस्क: इथं दुकानात सगळ्यात जास्त घोळ होतो

नॅस रिकामा येतो, डिस्क वेगळ्या घ्यायच्या. बजेट करताना लोक डब्याचीच किंमत धरतात आणि मग दोन डिस्कचं कोटेशन बघून गप होतात.

नॅसच्याच डिस्क घ्या: सीगेट आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस. प्लस शब्द महत्त्वाचा, कारण साध्या डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर तंत्राच्या आहेत आणि हे कंपनीनं २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर कबूल केलं. एसएमआरमध्ये ट्रॅक एकावर एक चढलेले असतात, त्यामुळं डिस्क बदलून सगळा डेटा परत लिहायची वेळ आली की ती रडत बसते. सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकावर एक न चढवलेली, पाहिजे. दुकानदाराला "सीएमआर आहे का" विचारा, आणि त्यानं तोंडाकडं बघितलं तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साईटवर स्वतः बघा.

आपल्याकडं सीसीटीव्हीचा धंदा जोरात असल्यानं डीव्हीआरची डिस्क पुढं करतात, "तीच ओ, चालतीया". चालते हे खरं, पण ती कॅमेऱ्याच्या सतत लिहिण्यासाठी ट्यून केलेली असते. तेवढ्याच पैशात नॅसची मिळत असताना ती का घ्या?

दुसरा सापळा नव्या म्हणून विकलेल्या जुन्या डिस्कचा. जानेवारी २०२५ मध्ये युरोपात उघड झालं की हजारो तास चाललेल्या सीगेटच्या मोठ्या डिस्क मीटर शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्या. सीगेटमध्ये 'फार्म' नावाचा एक वेगळा लॉग असतो, त्यात खरे तास सापडतात, स्मार्टमॉनटूल्स ह्या फुकट प्रोग्रॅमची नवी आवृत्ती तो दाखवते. ऑनलाइन बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळाली तर हे नक्की तपासा.

दोन्ही डिस्क शक्यतो एकाच दिवशी एकाच खोक्यातल्या घेऊ नका, एक इथनं, एक दुसरीकडनं. एकाच बॅचच्या डिस्क मागं-पुढं जाण्याची शक्यता असते.

५. खरेदी, आणि जपून ठेवायचे कागद

शाहूपुरी-राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर दुकानात नॅस शेल्फवर क्वचितच असतो, "पुण्याहून मागवून देतो" म्हणतात. त्यात वाईट काय नाही, उलट बिल लोकल मिळतं आणि भांडायला माणूस समोर असतो. फक्त ॲडव्हान्स द्यायच्या आधी पूर्ण मॉडेल नंबर आणि "इंडिया वॉरंटी" कोटेशनवर लिहून घ्या. ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेता कोण आहे ते बघा, परदेशातून आणलेला पीस असेल तर भारतातलं सर्व्हिस सेंटर हात वर करतं.

ह्या गोष्टी एका फाईलमध्ये (कागदाची फाईल, नॅसमधली नव्हे!):

- जीएसटी बिल, त्यावर नॅसचा आणि प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर छापलेला. "नंतर टाकून देतो" चालणार नाही.
- डिस्कचा सीरियल सीगेट किंवा डब्ल्यूडीच्या साईटवर टाकून वॉरंटीची तारीख दिसते, त्याचा प्रिंटआउट. दुकानातच उभं राहून तपासा, वॉरंटी नाही असं दिसलं तर तिथंच परत.
- ॲडमिनचं नाव-पासवर्ड, टू-फॅक्टरचे बॅकअप कोड.
- एन्क्रिप्शन लावलं तर त्याची रिकव्हरी की. ही हरवली तर ब्रह्मदेव आला तरी डेटा निघत नाही.
- कुठल्या बेमध्ये कुठली डिस्क, हे डिस्कवर स्टिकर लावून आणि कागदावर.

ह्या फाईलची माहिती घरातल्या दुसऱ्या एका माणसाला पाहिजेच.

हत्यारं फार नाहीत: स्टारचा स्क्रू-ड्रायव्हर (बऱ्याच डब्यांना तोही लागत नाही), कॅट-५-ई किंवा कॅट-६ ची चांगली केबल, यूपीएस, आणि एक मोठी पोर्टेबल डिस्क, ती कशाला ते शेवटच्या पायरीत.

६. कुठं ठेवायचा: वळीव, लाईट आणि पंचगंगा

एप्रिल-मेमध्ये वळीव आला की कडाडतंय, लाईट जाते-येते-जाते, हे आपल्याला नवीन नाही. नॅस लिहीत असताना लाईट गेली तर फाईल सिस्टिम बिघडू शकते, म्हणून यूपीएस हवाच. आणि यूपीएसला यूएसबी डेटा पोर्ट असला पाहिजे, तो नॅसला जोडला की बॅटरी संपत आल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होतो. स्वस्तातल्या यूपीएसना बऱ्याचदा हे पोर्ट नसतं, मॉडेल बघून घ्या. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं म्हणणाऱ्यांनी इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघावं, ते यूपीएस मोडला नसेल तर बदल होताना नॅस झटका खाऊन रिस्टार्ट होणार. अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या, जुन्या वाड्यांत ते नावालाच असतं.

लाईटबिलाची काळजी करू नका, दोन बेचा नॅस साधारण १५ वॅट खातो, म्हणजे महिन्याला अकराएक युनिट.

माळ्यावर ठेवू नका, मेमध्ये पत्र्याखाली भट्टी होते. बंद कपाटात नको. तळमजल्याला असाल तर जमिनीवर तर अजिबात नको. २०१९ आणि २०२१ ला ज्यांनी पाणी बघितलंय, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, नागाळा पार्काचा काही भाग, त्यांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. ३९ ची बातमी आली की नॅस नीट शटडाउन करून डिस्कसकट वर न्यायचा, हे घरात ठरवून टाका. उचलायला हलका असतो, एक माणूस पुरतो. आणि पुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला की पुण्याहून बदली डिस्क पण येत नाही, हे ध्यानात असू दे.

७. पहिल्या दिवशीचं सेटिंग

क्रम पाळा.

१) राउटरचं पोर्ट गिगाबिट आहे का बघा. केबलवाल्यानं फुकट दिलेल्या बऱ्याच राउटरना १०० एमबीपीएसची पोर्ट असतात. गिगाबिटवर १ टीबी साधारण अडीच तासात जातो, १०० च्या पोर्टवर त्यालाच पूर्ण चोवीस तास आणि वर एक तास. तुमचा इंटरनेट प्लॅन किती एमबीपीएसचा आहे ह्याचा घरातल्या घरात कॉपी करण्याशी काही संबंध नाही.

२) डिस्क घालून रेड-१ (सिनॉलॉजीवर एसएचआर) आणि जमत असेल तिथं बीटीआरएफएस निवडा. त्या डिस्कवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं, विचारतो तेव्हा वाचून ओके करा.

३) 'ॲडमिन' नावाचं मूळ खातं बंद करून आपलं वेगळं बनवा, टू-फॅक्टर लावा. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं, आणि रोजच्या वापराला ॲडमिन खातं नको.

४) सुरक्षेचे अपडेट आपोआप येऊ द्या.

५) स्नॅपशॉट रोज एक, महिनाभर ठेवा. रॅन्समवेअरनं किंवा पोरानं फोल्डर उडवलं तर कालच्या तारखेला परत जाता येतं.

६) मगच डेटा टाका. आणि जुन्या डिस्क लगेच फॉरमॅट करू नका, दोन-तीन महिने तशाच ठेवा.

८. बाहेरून बघायचं असेल तर

दुकानदाराकडचा पोरगा "पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो" म्हणेल, म्हणजे राउटरमधून नॅसला थेट बाहेरचं दार उघडून देणार. नको म्हणा. वर क्यूलॉकर-डेडबोल्ट वाचलंत ना, ते ह्याच दारातून आले. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच लोकल ब्रॉडबँडवर ते चालतच नाही, कारण एकच बाहेरचा आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. राउटरमध्ये वॅन आयपी (राउटरचा बाहेरचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ च्या मधला दिसला की समजायचं तुमचं पण तेच आहे.

टेलस्केल टाका, हा तुमच्याच उपकरणांना आपापसात जोडणारा खासगी रस्ता (व्हीपीएन) आहे. नॅसवर एक ॲप, मोबाईलवर एक ॲप, एकाच खात्यानं लॉगिन, झालं. घरगुती वापराला फुकट आहे आणि दार बाहेर उघडत नाही. सिनॉलॉजीचं क्विककनेक्ट सोपं आहे, पण ते कंपनीच्या सर्व्हरवरून जातं, चौथा प्रश्न आठवा.

९. दुसरी कॉपी, हिच्याशिवाय नॅस अर्धवट

दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे, हा गैरसमज मी सगळ्यात जास्त ऐकतो. रेड फक्त डिस्क मेल्यावर कामाला येतो. चुकून डिलीट केलं तर दोन्हीवरनं जातं, चोरी झाली, पाणी शिरलं, वीज पडली तर दोन्ही एकदम जातात. मोजून तीन कॉपी पाहिजेत, त्यातली एक दुसऱ्या घरात.

सोपा मार्ग: ती मोठी पोर्टेबल डिस्क नॅसच्या यूएसबीला लावून बॅकअप घ्यायचा (सिनॉलॉजीवर हायपर बॅकअप, क्यूनॅपवर हायब्रिड बॅकअप सिंक), आणि डिस्क काढून उंचावर राहणाऱ्या पाहुण्यांकडं ठेवायची. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी दुसऱ्या पुराच्या पट्ट्यातल्या मामाकडं ठेवून उपयोग नाही. दोन डिस्क आलटून-पालटून वापरल्या तर अजून चांगलं, एक नेऊन द्यायची, एक घेऊन यायची. फोटो-व्हिडिओ साध्या फाईल म्हणूनच कॉपी करा, कंपनीच्या खास बॅकअप फॉरमॅटमध्ये नको. मग ती डिस्क कुठल्याही लॅपटॉपला लावली तरी उघडते आणि फोटो बाहेर कसे काढणार ह्या सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच मिळतं. फक्त डिस्क एक्स-फॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोन्हीला वाचता येणारा फॉरमॅट) फॉरमॅट करायची असेल तर नॅस ते ओळखतो का हे आधी बघून घ्या.

गणपतीच्या आधी एकदा, वर्षातून किमान तेवढं तरी, बॅकअपमधला एखादा जुना फोल्डर खरंच उघडून बघा, व्हिडिओ चालवून बघा. त्याच दिवशी कंपनीच्या सपोर्टच्या पानावर आपलं मॉडेल शोधा. शेवटच्या तारखेला वर्षभर राहिलेलं दिसलं की नव्या डब्यासाठी पैसे बाजूला टाकायला लागा. जुना लगेच टाकायची गरज नाही, तो इंटरनेटपासून पूर्ण तोडून दुसऱ्या कॉपीसाठी अजून काही वर्षं चालतो.